ब्रासरीत जेवण, मग कॉकटेल बार: इंदूरच्या हॉटेलातली संध्याकाळ आखताना

या बेतात गडबड बहुधा एकाच कारणाने होते. हॉटेल एक म्हणजे कारभारही एकच, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ब्रासरी (हॉटेलातलं फ्रेंच धर्तीचं रेस्टॉरंट) आणि बार यांचं बुकिंग वेगळं, बंद व्हायची वेळ वेगळी, वयाचा नियम वेगळा आणि करही वेगळे. ब्रासरीत आठ जणांचं टेबल मिळालं म्हणून बारमध्ये आठ खुर्च्या मिळतीलच असं नाही. शनिवारी तर नाहीच. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. पहिले तीन घरी बसून करायचे आहेत, आणि ते नीट झाले तर पुढे फार कसरत उरत नाही.

टप्पा १: हॉटेल नंतर, आधी माणसं

कागदावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे चार गोष्टी नोंदवा: वय, काय खात नाही, पितो की नाही, आणि परत कसा जाणार.

वय अशासाठी, की मध्य प्रदेशात २१ वर्षांखालच्या माणसाला दारू विकता येत नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा पुतण्या मतदार असला तरी बारच्या लेखी लहानच. चेहऱ्यावरून शंका आली तर ओळखपत्र मागतात, म्हणून तिशीच्या आतल्या सगळ्यांनी आधार किंवा लायसन्स जवळ ठेवावं. लहान मुलांना बारमध्ये नुसतं बसू देतात का, हे त्या-त्या हॉटेलवर असतं आणि बऱ्याच ठिकाणी ठरावीक वेळेनंतर नकार मिळतो. मुलं बरोबर असतील तर बारचा भाग मोठ्यांनी दोन तुकड्यांत उरकायचा की सोडून द्यायचा, ते घरीच ठरवा.

खाण्याच्या रकान्यात नुसतं ‘व्हेज’ लिहून भागत नाही. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, जैन जेवण हवं का, उपास आहे का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. संकष्टी असेल तर घरात कुणी ना कुणी चंद्रोदयापर्यंत जेवणार नाही. इंदूरची चंद्रोदयाची वेळ पाहा, मुंबईची नाही. आपल्याकडे चंद्र काही मिनिटं आधी उगवतो. त्या दिवशी साडेसातचं टेबल घेऊन एकाला रिकाम्या ताटासमोर बसवण्यापेक्षा चंद्रोदयानंतरचं घ्या, नाहीतर दिवस बदला. श्रावणात आणि नवरात्रात तर सगळ्यांना विचारल्याशिवाय तारीख ठरवूच नका.

औषधं चालू असणाऱ्यांना आधीच बाजूला घेऊन विचारा. मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक औषध, झोपेच्या गोळ्या, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या यांच्याबरोबर दारू धोक्याची आहे. चारचौघांत ‘घे ना, एकाने काय होतं’ असा आग्रह व्हायच्या आत हे कळलेलं बरं.

टप्पा २: तारीख

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला बार बंद असतो, ब्रासरी चालू. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही कोरडा असतो. शिवाय सणावाराला जिल्हाधिकारी बंदीचा आदेश काढू शकतात, त्यामुळे रंगपंचमीसारख्या दिवशी हॉटेलला फोन करून खात्री करा. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात आणि शहराच्या मध्यातले रस्ते बंद होतात. त्या रात्री रामबागेतून विजयनगर गाठायचा विचारच नको.

मंगळवार ते गुरुवार ही संध्याकाळ सर्वांत निवांत. बारटेंडरला बोलायला वेळ असतो, स्वयंपाकघरावर ताण नसतो. शनिवारी डीजे असेल तर टेबलावर बोललेलं ऐकू येणार नाही, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर शनिवार टाळाच.

टप्पा ३: फोन

सकाळी अकरा ते बारा किंवा दुपारी चार ते सहा या वेळात फोन करा. रात्री आठ ते दहा कुणाला उसंत नसते आणि उत्तरं घाईत दिली जातात. ऑपरेटरला सांगा की रेस्टॉरंटशीच जोडा. मध्यवर्ती बुकिंगवाल्याला त्या रात्री बुफे आहे की नाही हे माहीत नसतं. कुठल्याही अ‍ॅपवरून टेबल घेतलं असलं तरी हा फोन करायचाच.

विचारायच्या गोष्टी:

- त्या रात्री फक्त बुफे आहे की मेन्यूवरूनही मागवता येतं? बुफे किती वाजता लागतो आणि किती वाजता उचलतात?
- बारसाठी वेगळं बुकिंग लागतं का? किती जणांचं घेता?
- ब्रासरीची शेवटची ऑर्डर किती वाजता आणि बारची किती वाजता?
- कॉकटेल ब्रासरीच्या टेबलावर आणून देता की बारमध्येच बसावं लागतं?
- कव्हर चार्ज (आत शिरण्याचं शुल्क) आहे का? असल्यास तो बिलातून वजा होतो की नाही?
- अ‍ॅपवरची सूट किंवा हॉटेलचं सभासद-कार्ड दारूच्या बिलावर चालतं का? दोन्ही एकत्र चालतात का?
- कपड्यांचा नियम काय? पुरुषांची चप्पल आणि हाफ पँट बऱ्याच बारमध्ये चालत नाही. कोल्हापुरी घालणार असाल तर नाव घेऊन विचारा. दारावरच्या माणसाला ती चप्पलच वाटते.
- उशीर झाला तर टेबल किती मिनिटं राखून ठेवता?

मग टेबलाबद्दल सांगा. एसीच्या झोताखाली नको, लाइव्ह काउंटरच्या धुराजवळ नको, किचनच्या दाराला लागून नको. गुडघे दुखणारं कुणी असेल तर सोफ्याऐवजी साधी खुर्ची मागा. अशा ठिकाणचे सोफे बुटके आणि खोल असतात. बसताना छान वाटतं, उठताना दोघांनी धरावं लागतं.

जैन जेवण हवं असेल तर ते याच फोनवर सांगा, टेबलावर बसल्यावर नाही. ब्रासरीतली बहुतेक सूप आणि सॉस कांदा, गाजर आणि सेलरीच्या पाण्यावर उभी असतात. हे पाणी सकाळीच उकळून तयार असतं. रात्री आठला ‘कांदा नको’ म्हणालात तर स्वयंपाकी पदार्थातून कांदा काढू शकत नाही, फक्त पदार्थ नाकारू शकतो. एक दिवस आधी सांगितलं तर वेगळं शिजवता येतं.

तपासा: फोन ठेवण्याआधी तारीख, वेळ, माणसं आणि ब्रासरी-बार दोन्हीचं बुकिंग समोरच्याकडून वाचून घ्या आणि मेसेज मागा. जायच्या दिवशी दुपारी पुन्हा एकदा विचारा.

टप्पा ४: पैशांचा अंदाज

मेन्यूतल्या किमतींची बेरीज करून लोक निघतात आणि बिल आल्यावर चेहरे पडतात. किमतीवर कर वेगळा असतो, हे मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलेलं असतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. रस्त्यावरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये हाच कर ५ टक्के आहे. सरबत, मॉकटेल, कॉफी हे सगळं जेवणाच्याच करात येतं. दारू मात्र जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो.

उदाहरणार्थ चौघांचं जेवण आणि सरबतं मिळून ५,००० आणि कॉकटेल ३,००० धरा. जेवणावर जीएसटी ९०० रुपये. व्हॅट हिशेबाच्या सोयीसाठी १० टक्के धरला तर ३०० रुपये. आठ हजारांचे झाले ९,२००. त्यात कुणी १० टक्के सेवाशुल्क जोडलं तर ८०० आणखी, त्यावर पुन्हा कर, म्हणजे दहा हजारांच्या पुढे. त्यामुळे साधा नियम असा की मेन्यूवरच्या बेरजेत पाव भागाहून थोडे जास्त मिळवून तेवढे पैसे बरोबर ठेवा.

पाण्याचंही पाहा. बसताच वेटर ‘मिनरल वॉटर?’ विचारतो आणि आपण मान डोलावतो. हॉटेलला बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तसा निर्णय दिला आहे. सहा जणांच्या टेबलावर चार-पाच बाटल्या सहज उघडल्या जातात. साधं गाळलेलं पाणी हवं असेल तर आधीच स्पष्ट सांगा.

टप्पा ५: निघताना

पिणाऱ्याने गाडी घरी ठेवायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एक कॉकटेल घेतलं तर चालतं हा समज चुकीचा आहे. ते का, हे टप्पा ७ मधल्या आकड्यांवरून कळेल.

संध्याकाळी सात ते नऊ विजयनगर आणि एबी रोडवर गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरकडून निघणाऱ्यांनी पाऊण तास धरावा. बायपासकडचं हॉटेल असेल तर जायला अडचण नाही, पण रात्री अकरानंतर परतीची कॅब मिळायला वेळ लागतो. तिथे हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कला येतानाच सांगून ठेवा.

उपाशी जाऊ नका. ‘तिथे भरपूर खायचंय’ म्हणून दुपारचं जेवण टाळायचं आणि बसल्याबसल्या पहिलं कॉकटेल घ्यायचं, हा प्रकार फार दिसतो. दारू मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जाते. पोटात अन्न असलं की ती जठरात रेंगाळते आणि हळूहळू पुढे सरकते. पोट रिकामं असलं की थेट पुढे जाते आणि सोडा-टॉनिक असेल तर आणखी भरभर. घरून निघताना थोडी पोळी-भाजी किंवा मूठभर दाणे खाल्ले तरी फरक पडतो.

टप्पा ६: ब्रासरीच्या टेबलावर

क्रम असा ठेवा: हलकं पेय, मग जेवण, मग बारमध्ये एक नीट निवडलेलं कॉकटेल. आधी बार आणि मग जेवण, असा उलटा क्रम ठेवला की बारमध्ये वेळेचं भान राहत नाही आणि ब्रासरीची शेवटची ऑर्डर हुकते. बुफेचं तर विचारूच नका. उचलण्याआधीच्या पाऊण तासात भांडी अर्धी रिकामी असतात आणि पुन्हा भरली जात नाहीत.

मेन्यूवरून मागवणार असाल तर घरची पद्धत विसरा. पाच जणांत तीन भाज्या मध्ये ठेवायच्या, हा हिशेब इथे बसत नाही. ब्रासरीचा मुख्य पदार्थ एका माणसासाठी एका बशीत मांडून येतो. स्टार्टर वाटून घ्या, मुख्य पदार्थ ज्याचा त्याने घ्या. रिझोटो हा इटालियन भात मागवलात तर पंधरा-वीस मिनिटं लागणारच. तो लवकर आला तर आधीच अर्धा शिजवून ठेवलेला होता असं समजा. मुलांचा पास्ता सर्वांत आधी सांगा आणि कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरला म्हणा, ‘हा लगेच पाठवा, बाकीचं एकत्र आणा.’ हे सांगितलं नाही तर जे आधी होईल ते येत राहतं आणि दोघं जेवतात, तिघं बघत बसतात.

आता शाकाहाराचे सापळे. हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होण्यापेक्षा हे नाव घेऊन विचारा:

- फ्रेंच कांद्याचं सूप: मुळात मांसाच्या स्टॉकचं असतं. भाजीच्या पाण्यात केलंय का?
- सीझर सॅलड: ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही ही मासळी आणि अंडं असतं.
- वूस्टरशायर सॉस: यातही अँचोव्ही. ब्लडी मेरी या कॉकटेलमध्येही हा पडतो.
- पार्मेजान चीज: पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या द्रव्याने) लावतात.
- क्रेम ब्रूले आणि आयोली: अंडं.
- पाना कोटा: जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ.

मांसाहारींनीही एक प्रश्न विचारावा. मेन्यूवर नुसतंच ‘टेंडरलॉइन’ लिहिलं असेल तर कोणत्या प्राण्याचं?

जे दारूला शिवत नाहीत त्यांच्यासाठी वेगळी काळजी घ्या. वाइनमध्ये शिजवलेलं चिकन, रम घातलेला तिरामिसू, ब्रँडी ओतून पेटवलेलं गोड, यात दारू असते आणि शिजवल्याने ती पूर्ण उडत नाही. मॉकटेलमध्ये चार थेंब बिटर्स, म्हणजे दारूतला कडवट अर्क टाकायची बारटेंडरची सवय असते. अंगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के मद्यार्क आहे. थेंब थोडे असले तरी व्रत म्हणून न घेणाऱ्याला ते चालणार नाही. ‘बिटर्स नको’ एवढं म्हटलं की झालं.

सावध: कॅप्टनने ऑर्डर परत वाचून दाखवली नाही तर तुम्ही वाचायला सांगा. जेवणाची चिठ्ठी किचनकडे आणि पेयाची बारकडे अशी वेगळी जाते. ‘अंडं नको’ हे एकीकडे पोचलं म्हणजे दुसरीकडे पोचलंच असं नाही.

टप्पा ७: बारमध्ये

कॉकटेल चवीवरून निवडतात, पण आधी मापावरून निवडावं. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की, रम, जिनमध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगात साधारण १० ग्रॅम. हे एकक डोक्यात ठेवा.

जिन अँड टॉनिक ३० मिलिलिटरचं घेतलं तर एक पेग. मोहितो किंवा व्हिस्की सावर प्रमाण कृतीने ४५ मिलिलिटरचं, म्हणजे दीड. निग्रोनीत जिन, कँपारी आणि गोड व्हर्मुथ प्रत्येकी ३०. मिळून जवळपास दोन पेग, आणि ग्लास दिसतो एवढासा. लाँग आयलंड आइस टी या सगळ्यांत फसवी. व्होडका, टकिला, रम, जिन आणि संत्र्याची लिकर प्रत्येकी १५ मिलिलिटर, म्हणजे ७५ मिलिलिटर कडक दारू, जवळपास अडीच पेग. वर कोला आणि लिंबू असल्यामुळे ती सरबतासारखी जाते. पहिल्यांदाच बारमध्ये आलेली मुलं नाव पाहून नेमकी हीच मागवतात.

शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निपटतं. त्याला घाई करता येत नाही. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याचा हबका, कशानेही नाही. निग्रोनीचे २० ग्रॅम उतरायला दोन ते तीन तास. आणि रिकाम्या पोटी घेतली तर सत्तर किलोच्या माणसाचं रक्त तेवढ्या एकानेच ३० मिलिग्रॅमची हद्द ओलांडू शकतं.

बारटेंडरशी बोलताना ‘काहीतरी मस्त बनवा’ म्हणू नका. तीन गोष्टी सांगा: कोणती दारू, गोड की आंबट की कडवट, आणि ग्लास लांब हवा की छोटा. ‘जिन, आंबट, कमी गोड, लांब ग्लास’ एवढ्यावर तो योग्य पेय देतो. आपल्याकडच्या बारमध्ये साखरेचा पाक सढळ हाताने पडतो, म्हणून ‘पाक निम्मा’ हे आवर्जून सांगा. व्हिस्की सावरवर येणारा पांढरा फेस अंड्याच्या पांढऱ्याचा असू शकतो. शाकाहारी असाल तर तो नको म्हणा, पेयात बिघडत काही नाही. ‘जरा स्ट्राँग करा’ म्हणालात तर जास्तीचा पेग बिलात लागतो, भेट म्हणून नाही. आणि दारू मापातूनच ओतायला सांगा. बाटली उंच धरून ओतणं दिसायला झकास, पण किती गेली ते कुणालाच कळत नाही.

प्रत्येक पेयामागे एक ग्लास पाणी. दुसरं मागवण्याआधी घड्याळ पाहा: शेवटच्या ऑर्डरला वीस मिनिटं उरली असतील तर सोडा. ते घाईघाईत संपवावं लागतं आणि त्रास नेमका त्याचा होतो.

‘हॅपी अवर्स’मध्ये एकावर एक मिळतं, तेव्हा दुसरं लगेच आणतात की नंतर, हे विचारा. लगेच आणत असतील तर दोघांत एक-एक घ्या. बर्फ वितळून पाणी झालेलं कॉकटेल कुणी पीत नाही.

टप्पा ८: बिल

जेवणाचं आणि दारूचं बिल वेगळं मागा, एकाच कागदावर आलं तर दोन भाग तपासा. दारूवर जीएसटी लावलेला नाही ना, पेग मोजून तितकेच आहेत ना, पाण्याच्या बाटल्या उघडल्या तितक्याच आहेत ना, अ‍ॅपची सूट वजा झाली ना. सूट असेल तर ती बिल छापण्याआधी सांगायची असते. छापल्यावर सांगितलं की मॅनेजर येईपर्यंत वीस मिनिटं जातात.

सेवाशुल्क आपोआप जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. बिलात दिसलं तर आवाज न चढवता ‘हे काढून द्या’ एवढंच म्हणा. काढलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र ते काढायला लावलंत आणि वेटरने खरंच नीट वाढलं असेल, तर टीप हातात द्या.

टप्पा ९: परत

बिल मागताना कॅब बोलवा, बिल भरून झाल्यावर नाही. जास्त झालेल्या माणसाला एकट्याला गाडीत बसवू नका. घरचं कुणीतरी बरोबर जाईल.

इंदुरात ब्रासरीचं जेवण झाल्यावरही कुणीतरी सराफ्याचा, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजाराचा विषय काढतोच. तसा बेत असेल तर तो आधीच धरा आणि ब्रासरीत गोड मागवू नका. कॅबने राजवाड्यापाशी उतरून पुढे चालायचं. दारू घेतलेल्यांनी तिथे तळलेल्या गराडू या कंदावर तुटून पडण्यापेक्षा आधी पाणी प्यावं. बरोबरचे वयस्कर थकले असतील तर त्यांची कॅब थेट घरी पाठवा.

बडोद्याहून पाहुणे आले असतील तर आणखी एक गोष्ट. इथे त्यांना वयाच्या अटीखेरीज काही अडचण नाही, पण आवडलेल्या जिनची बाटली त्यांच्या सामानात भेट म्हणून ठेवू नका. सीमेवरच्या पिटोल गावाच्या पुढे गुजरात लागतं, तिथे दारूबंदी कायदा आहे, आणि सीलबंद असली तरी विनापरवाना बाटली नेणं हा गुन्हा आहे. द्यायचंच असेल तर शेव द्या.